परवान्यावरच्या दोन जागा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचा उदरनिर्वाह दारूगोळ्यावर चालला आहे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत पितळ आणि तांब्याच्या मिश्रधातूंवर काम होते आणि त्यातून दारूगोळ्याचे भाग घडतात. शेजारीच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातल्या सगळ्या आयुध निर्माणींच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे गेली. सकाळच्या पाळीला डबा घेऊन निघणारे आणि पितळेचा कस हाताने ओळखणारे लोक इथे पिढ्यान्पिढ्या आहेत. तरीही यांतल्या फार थोड्या घरांत स्वतःची बंदूक सापडेल, आणि ज्यांना ती घ्यायची असते त्यांना कोणती घ्यावी हे नीट सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. दुकानदार त्याच्याकडे असेल ती दाखवतो, मित्र सिनेमात पाहिलेली सुचवतो. या प्रकरणात तो विचार कायदा, काम आणि जागा या तीन अंगांनी करायचा आहे.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते, कारण आपल्याकडे संग्रह किती मोठा असावा हे हौस ठरवत नाही. लिटनच्या काळात 1878 मध्ये शस्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाच्या हातातली बंदूक परवान्याखाली गेली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध तक्रार होत राहिली. स्वातंत्र्यानंतर 1959 मध्ये नवा कायदा झाला, पण परवाना राहिलाच. 1983 च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रे अशी मर्यादा घातली. डिसेंबर 2019 मध्ये तीनाची दोन झाली. मूळ विधेयकात तर एकच होते, संसदेतल्या आक्षेपांनंतर ते दोनवर आले. ज्यांच्याकडे तिसरे होते त्यांना ते जमा करायला एक वर्ष मिळाले. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची केली आणि लग्न-मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

म्हणजे आपल्याला फक्त दोन जागा भरायच्या आहेत. अमेरिकेतल्या पुस्तकांत अशा छोट्या संग्रहासाठी ठरलेला सल्ला सापडतो: एक पॉइंट टू टू रायफल, एक छर्‍याची बंदूक, एक मोठी रायफल आणि एक पिस्तूल. त्या सल्ल्यामागे तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. शिकारीचा हंगाम असतो, घराभोवती मोकळी जमीन असते आणि काडतुसे किराणा सामानासारखी हवी तेवढी मिळतात. बदलापुरात तिन्ही नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने 1972 पासून शिकारीवर बंधने आली आणि आज शिकार बंदच आहे. घर बहुधा इमारतीतला फ्लॅट असतो आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे मूल झोपलेले असते. काडतुसांचे म्हणाल तर एका वेळी किती बाळगायची आणि वर्षभरात किती घ्यायची, हे दोन्ही आकडे परवान्यावरच लिहिलेले असतात. म्हणून तो परदेशी सल्ला इथे तसाच्या तसा लागू पडत नाही. मग कोणता पडतो?

आधी बोअरचा प्रश्न निकालात काढू. भारतात काही मापांची शस्त्रे निषिद्ध आहेत, म्हणजे सामान्य नागरिकाला ती मिळत नाहीत. लष्कराच्या मापाची पॉइंट थ्री झीरो थ्री रायफल त्यातलीच, नऊ मिलिमीटरचे पिस्तूलही. उरतात ती मुख्यत्वे अशी: बारा बोअरची बंदूक, पॉइंट टू टू, पॉइंट थ्री टूचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, आणि पॉइंट थ्री वन फाइव्ह रायफल. इंग्रजांना फौजेची काडतुसे लोकांच्या बंदुकीत चालू द्यायची नव्हती. नागरी वापरासाठी हे वेगळे थ्री वन फाइव्ह माप रूढ झाले ते त्यामुळे. पश्चिम बंगालमधली ईशापूरची रायफल फॅक्टरी आजही ती रायफल बनवते.

या यादीत बहुगुणी म्हणावी अशी बारा बोअर एकच आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी जिच्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. हे माप साधारण साडेअठरा मिलिमीटर भरते. नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीसारखे आटे नसतात. त्यामुळे तिच्यात बारीक छर्‍यांपासून एका जड गोळीपर्यंत काहीही चालते. छर्‍यांचे क्रमांक उलटे असतात: आकडा मोठा तितका छर्रा बारीक. सहा नंबर बारीक, चार त्याहून जाड, मग एसजी, एलजी आणि शेवटी एकच बॉल. पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे सगळ्यांत परिचयाची. पितळी बुडाकडे पाहिले तर तिथे केएफ ही अक्षरे उठवलेली दिसतात. अंबरनाथच्या पितळेशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी ते बूड हातात घेऊन एकदा निरखावे. मधोमध टोपी, तिच्याभोवती पातळ कडा आणि त्या कडेला धरून रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा खटका, इतकी साधी रचना आहे.

उल्हासनगरच्या सराफाच्या दुकानाबाहेर किंवा बँकेच्या रोख रकमेच्या गाडीजवळ रखवालदाराच्या खांद्यावर दिसते ती हीच. निवृत्त जवानाला स्वतःची परवान्याची दुनळी असेल तर नोकरी लवकर लागते, हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. तिच्यावर क्ले टार्गेटचा खेळ खेळता येतो. मुरबाडकडच्या किंवा बारवीच्या बाजूच्या शेतात रात्री रानडुकरांचा कळप आला तर तिचा आवाजच पुरेसा होतो. रानडुक्कर मारायचे असेल तर मात्र शस्त्राचा परवाना पुरत नाही, वनविभागाची वेगळी परवानगी लागते. बिबट्याच्या बाबतीत तर बंदुकीचा विचारच मनातून काढून टाकावा. तो पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. त्यापासून बचाव होतो तो गुरांचा गोठा बंद ठेवल्याने, अंगणात दिवा लावल्याने आणि कचरा-कुत्र्यांचा बंदोबस्त केल्याने.

दुनळीचा मला सर्वाधिक पटलेला गुण मात्र वेगळाच आहे. ती मोडून उघडली की भरलेली आहे की रिकामी, हे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसालाही दिसते. दोन नळ्यांतून पलीकडचा उजेड आरपार दिसला की शंकेला जागा उरत नाही. पिस्तुलात असे होत नाही. तिथे मॅगझिन काढल्यावरही एक गोळी चेंबरमध्ये बसलेली असू शकते, आणि ‘रिकामे आहे’ असे समजून झालेले कित्येक अपघात तिथेच घडतात. घरात लहान मुले असतील तर हा फरक इतर सगळ्या गुणांवर मात करतो.

मोठी रायफल मी या भागातल्या कोणालाच सुचवणार नाही. तिची गोळी विटांची भिंत ओलांडून पुढच्या इमारतीत जाऊ शकते आणि मोकळ्या रानात कित्येक किलोमीटरवर पडते. शिकार नाही, एवढ्या अंतराची रेंज जवळ नाही, मग ती कपाटात पडून राहणार आणि दोनपैकी एक जागा अडवून बसणार.

आता रिव्हॉल्व्हर. परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या शहरी माणसाच्या मनात बहुधा हेच असते. कानपूरच्या कारखान्याने 2014 मध्ये ‘निर्भीक’ नावाचे पॉइंट थ्री टूचे हलके रिव्हॉल्व्हर आणले, वजन जेमतेम पाचशे ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात. दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून त्याची जाहिरात झाली आणि तेव्हाच अनेकींनी त्यावर कडक टीका केली. ती टीका मला रास्त वाटते. पॉइंट थ्री टूच्या लांब काडतुसाची ताकद पॉइंट टू टू रायफलीच्या गोळीच्या आसपासच असते. वर नळी आखूड. मागची खाच आणि पुढची माशी यांत अंतर इतके थोडे की हात केसभर हलला तरी गोळी वीतभर बाजूला जाते. त्यासाठी सततचा सराव हवा. सरावाला रेंज हवी, काडतुसे हवीत, वेळ हवा. दर शनिवारी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाणारा बदलापूरकर किती दिवस टिकेल? लोकलचा दीड तास जायला, दीड यायला, शिवाय शस्त्र घेऊन गर्दीत चढायचे. सराव नसलेल्या माणसाकडचे रिव्हॉल्व्हर मध्यरात्रीच्या झटापटीत त्याच्या हातात राहील याची काय शाश्वती?

शिवाय छोटे शस्त्र कमरेला असले की भांडणात ते हाताशी असते. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, जमिनीच्या वादातून गोळ्या झाडल्या गेल्या. पोलीस ठाण्यात हे होऊ शकते, तर सोसायटीच्या सभेत, पार्किंगच्या वादात किंवा लग्नाच्या मांडवात काय होईल? ज्याला धंद्यामुळे खरोखर जिवाचा धोका आहे, ज्याच्याविषयी पोलिसांकडे तशी नोंद आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे, नीट शिकावे आणि शिकत राहावे. बाकीच्यांसाठी हे सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत कमी उपयोगाचे शस्त्र आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग बदलापूरच्या हौशी माणसाने काय घ्यावे? एअर रायफल. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटर, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरपर्यंतची आणि नळीच्या तोंडाशी वीस जूलपर्यंत ऊर्जा असलेली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. तिने दोनपैकी एकही जागा अडत नाही. ती खेळणे आहे असे मात्र समजू नये. पक्षी-खारींवर ती चालवणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो आणि जवळून लागलेला छर्रा डोळा घालवतो.

ऑलिंपिकमधली दहा मीटरची एअर रायफल याच मर्यादेच्या बरीच आत बसते. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ऊर्जा सात-आठ जूल. समोरचे कागदी लक्ष्य साडेपंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचे, आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. दहा मीटरवरून तो ठिपका डोळ्याला दिसतही नाही. नेमबाज त्याकडे बघत नाही, तो काळ्या वर्तुळाभोवती पुढच्या गोल साइटची कडी सारखी जमते का एवढेच बघतो. श्वास अर्धा सोडायचा, डाव्या कोपराचा भार फासळीवर टेकवायचा, बोटाचे पेर चापावर ठेवून हळूहळू दाब वाढवायचा. गोळी सुटली की लगेच मान वर करायची नाही, सेकंदभर तसेच उभे राहायचे. साठ गोळ्यांचा सामना म्हणजे हे साठ वेळा, दर वेळी अगदी तसेच. यासाठी जागा किती लागते? शाळेचे सभागृह किंवा सोसायटीचा हॉल पुरतो, फक्त लक्ष्यामागे छर्रे अडवणारा पक्का पत्रा आणि बाजूला दाराला कडी लावणारा जबाबदार माणूस हवा.

आणि आपल्या जिल्ह्यात आणि शेजारी हे सगळे आहे. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ऑक्टोबर 2022 मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. अभिनव बिंद्रानंतर या प्रकारात हा मान मिळवणारा तो दुसरा भारतीय. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठलेल्या सुमा शिरूर पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लबमध्ये मुलांना शिकवतात. खोल आणि सरळ छिद्रे पाडणारी यंत्रे बनवणारी प्रेसिहोल ही कंपनीही आपल्याच ठाणे जिल्ह्यातली. बंदुकीच्या नळीचे पहिले काम म्हणजे लोखंडात असे छिद्र पाडणे, आणि या नावाच्या देशी एअर रायफली आज अनेक क्लबांत दिसतात. ज्या पट्ट्यात धातूचे इतके काम होते, तिथल्या मुलांच्या हातात ही रायफल यावी असे मला मनापासून वाटते.

एअर रायफलमध्ये हात बसला की पुढची पायरी पॉइंट टू टू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये याच मापाच्या रायफलीने पन्नास मीटर तीन स्थितींच्या प्रकारात कांस्य जिंकले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला पन्नास मीटरवर झोपून नेम धरण्याच्या प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले होते, आणि राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण. या मापाची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपासची, झटका जवळजवळ नाहीच, आवाजही थोडा. पण ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, हे विसरू नये.

कायद्यातली एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा सभासद लक्ष्याच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफल वापरत असेल, तर दोनांची मर्यादा त्याला लागू होत नाही. म्हणजे नीट शिकणाऱ्याला कायद्यानेच वाट मोकळी ठेवली आहे. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना तर फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने बारापर्यंत शस्त्रांची सवलत दिली आहे. म्हणून माझा हिशोब असा: खेळणाऱ्याने एअर रायफल आणि क्लबमार्फत पॉइंट टू टू, शेतीवाडी असणाऱ्याने एक दुनळी, आणि दुसरी जागा खरी गरज येईपर्यंत रिकामी. रिकामी जागा भरता येते. न लागणारे शस्त्र काढून टाकायला मात्र गिऱ्हाईक, परवानगी आणि पोलीस ठाण्याच्या खेपा लागतात.

परवान्याचे काम कुठे होते, हे पत्त्यावर ठरते. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, तेव्हा अर्ज आयुक्तांकडे. आसपासची ग्रामीण हद्दीतली गावे आली की अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. वय किमान 21, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, आणि शस्त्र घरात कसे ठेवणार याचे हमीपत्र लागते. ते हमीपत्र कागदापुरते नसावे. भिंतीत बोल्टने पक्के केलेले पोलादी कपाट असावे, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नसाव्यात. घरी येणाऱ्या पाहुण्याला बंदूक आहे हे कळायचीही गरज नाही. निवडणूक आली की कोणाचे शस्त्र जमा करायचे हे छाननी समिती ठरवते. नोटीस आली तर वाद न घालता पावती घेऊन जमा करावे आणि आचारसंहिता संपल्यावर परत आणावे.

शेवटचा विषय वारशाचा, आणि बदलापुरात तो वारंवार निघतो, कारण इथली निम्मीअर्धी घरे गावाकडून आलेली आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी दिलेल्या परवान्यांच्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत. नळीच्या तोंडातून दारू, मग चिंधी, मग छर्रे ठासायचे, आणि मागच्या निपलवर टोपी बसवायची. आजोबा जातात, बंदूक माळ्यावर राहते, आणि मुलगा इथे डोंबिवली-बदलापूरच्या लोकलमध्ये असतो. ठासणीची असली तरी ती अग्निशस्त्रच आहे. परवानाधारक गेल्यावर ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची असते. वारसदाराने नंतर स्वतःच्या नावाने अर्ज करावा, पण वारशाने आलेली बंदूकही दोनांच्या हिशोबात धरली जाते. काहीही केले तरी दुरुस्त होणार नाही अशी जुनी, पुराणवस्तूच्या मोलाची बंदूक कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकते, मात्र तसे आपणच ठरवू नये.

आजोबांची दुनळी इंग्लंडची जुनी असेल तर ती चालवण्याआधी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी. तीन गोष्टी बघायच्या. नळीवर वळ्यावळ्यांची नक्षी दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंफून केलेली डमॅस्कस नळी असते. ती काळ्या दारूसाठी केलेली, आजच्या धूरविरहित दारूचा दाब ती सोसेलच असे नाही. दुसरे, चेंबरची लांबी. जुन्या बंदुकींचे चेंबर 65 मिलिमीटरचे असत आणि त्यात 70 मिलिमीटरचे काडतूस बसते, मागचे खटकेही बंद होतात, पण उडवल्यावर त्याचे तोंड उघडायला पुढे जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. तिसरे, नळीखालचे प्रूफचे शिक्के. ते बर्मिंगहॅमचे आहेत की लंडनचे, आणि कोणत्या दाबासाठी तपासणी झाली, हे त्यावरून कळते. यांतले एक जरी पटले नाही तर ती बंदूक उडवू नये. आणि परवान्यावर ज्याचे नाव आहे त्याने परवान्याची प्रत, शस्त्राचा क्रमांक आणि कपाटाची किल्ली कुठे आहे हे घरातल्या एका सज्ञान माणसाला आजच सांगून ठेवावे.